वृद्धांची शुश्रूषा आणि तिची पारख

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला होता आणि अशक्तपणामुळे तो आपल्याच मलमूत्रात पडून राहिला होता. तथागत आयुष्मान आनंदासह निवासस्थाने पाहत फिरत असता त्याच्यापाशी आले. तुझी सेवा करणारे कोणी आहे काय, असे त्यांनी विचारले. कोणी नाही, असे उत्तर आले. का नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र करून समजावले की, येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

या प्रसंगावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. करुणेचा आदर्श म्हणून तो सांगितला जातो व ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. तथागत निवासस्थानांतून फिरत होते, थेट खाटेपाशी गेले, प्रश्न खुद्द रोग्याला विचारला, आणि सेवा का होत नाही याचे कारणही त्याच्याच तोंडून काढले. शुश्रूषेची पारख कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे. आज आपल्या समाजातही आईवडिलांना, निपुत्रिक नातेवाइकांना वृद्धाश्रमात ठेवण्याची वेळ येऊ लागली आहे. तेव्हा ही पारख आपल्याला यावयास हवी, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा लेख लिहीत आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. बँकेत कारकून आहे; हिशेब तपासणे एवढीच माझी विद्या. तरीही हा विषय मी घेतला त्याला एक कारण घडले आहे. ते आधी सांगतो.

माझी आत्या विधवा व निपुत्रिक होती. कंबरेचे हाड मोडल्यावर तिला उठता-बसता येईना. आम्ही उभयता दिवसभर बाहेर, मुले शिकणारी. म्हणून खांडबाऱ्याहून दूर, एका शहरातील वृद्धाश्रमात तिला ठेवले. दर दोन-तीन महिन्यांनी, आधी फोन करून मी भेटीस जात असे. कार्यालयात चहा मिळे. फरशी लख्ख, भिंतीवर सुविचार, दारात तुळस. आत्याला धुतलेले लुगडे नेसवून चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणीत. ती फारसे बोलत नसे. मला वाटे, वयाने अबोल झाली. पावती घेऊन मी समाधानाने परत येई.

एकदा बँकेच्या कामासाठी त्या शहरात जाणे झाले आणि न कळवता मी तिकडे गेलो. दुपारचे तीन वाजले होते. आत्या खोलीत एका कुशीवर पडलेली. खोलीत वास कोंदलेला. पाण्याचा तांब्या पायथ्याशी, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. मी तिला उठवून बसवावयास गेलो तर ती कळवळली. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, खोल. डॉक्टरांना दाखविले तेव्हा ते म्हणाले, ही एका दिवसाची नव्हे, कित्येक आठवड्यांची आहे. म्हणजे मागच्या भेटीत मी चहा पीत होतो तेव्हाही ती होती; खुर्चीत बसवल्याने ती झाकली गेली होती, इतकेच. तेथील सेविकेला मी रागाने बोललो. ती रडू लागली. तेवीस माणसे आणि मी एकटी, असे म्हणाली. ते खरे होते. आत्याला आम्ही घरी आणले. पुढे सात महिने ती आमच्याकडे होती. जखम भरली, पण उभारी आली नाही.

संस्थेला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. बँकेत दुसऱ्याचा एक रुपया चुकला तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधणारा मी, आत्याच्या बाबतीत फक्त पावती पाहून आलो. काय पाहावयाचे असते, हे मला माहीत नव्हते. नंतर जे वाचले, विचारले, ते पुढे मांडतो.

नर्सिंग होम आणि वृद्धाश्रम

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे लहान खाजगी रुग्णालय. बाळंतपण, शस्त्रक्रिया, सलाईन, आणि बरे झाले की घरी. अशा रुग्णालयांसाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. २०२१ साली महाराष्ट्रात त्याचे नियम सुधारले, त्यांत रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याची तरतूद आली. अमेरिका-इंग्लंडात मात्र नर्सिंग होम म्हणजे जेथे परावलंबी वृद्ध माणसे महिनोन् महिने, बहुधा शेवटपर्यंत राहतात ती जागा. आपल्याकडे हे काम वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, सेवासदन अशा नाना नावांनी चालते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. वृद्धाश्रम ही कल्पना मुळात निराधार पण हिंडत्या-फिरत्या वृद्धांसाठी होती. जेवण, निवारा, सोबत दिली की काम झाले. महाराष्ट्र शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ पासूनची. त्यात पुरुषांना ६० व स्त्रियांना ५५ वर्षांची अट होती. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, काही वृद्ध शुल्क देऊन व काही विनाशुल्क राहतील अशी तिची रचना होती. पुढे २००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावा असे म्हटले आहे. आणि तेथील सेवेचा दर्जा ठरविण्याची योजना करण्यासही शासनास सांगितले आहे. महाराष्ट्राने आपले नियम २०१० साली केले.

पण माणसे आता अधिक जगतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींवर होती. पक्षाघात, मोडलेले हाड, स्मृतिभ्रंश घेऊन अंथरुणावर वर्षे काढणारे वाढले. हिंडत्या माणसांसाठी बांधलेल्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली माणसे आली की काय होते, ते मी आत्याच्या पाठीवर पाहिले. म्हणून जागा पाहावयास गेल्यावर पहिला प्रश्न हाच : येथे परावलंबी माणसाची शुश्रूषा होते काय, की फक्त राहण्या-जेवण्याची सोय आहे?

दर्जा मोजण्याचे तीन थर

शुश्रूषेचा दर्जा मोजण्याचे शास्त्र आहे. मूळचे बैरूटचे व पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकविणारे डॉ. अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली त्याची साधी मांडणी केली. तीन थर त्यांनी सांगितले. पहिला, साधने : इमारत, खाटा, माणसे, औषधे. दुसरा, प्रत्यक्ष कृती : त्या साधनांनी रोज काय केले जाते. तिसरा, परिणाम : त्यामुळे माणसाचे काय झाले. उत्तम चूल, भरपूर लाकूड आणि पीठ असूनही भाकरी कच्ची राहू शकते. म्हणून चूल पाहून परतू नये, भाकरी मोडून पाहावी. मी चूल पाहून परत आलो होतो.

अमेरिकेत नर्सिंग होमच्या दुरवस्थेविषयी बोंब झाल्यावर १९८६ साली तज्ज्ञांचा अहवाल आला व १९८७ साली कायदा झाला. राहणाऱ्यांचे हक्क, बांधून ठेवण्यावर निर्बंध, तपासण्या या गोष्टी त्यातून आल्या. २००८ अखेरपासून तेथे प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे देतात. तपासणीतील निष्कर्ष, नोकरवर्ग आणि राहणाऱ्यांच्या प्रकृतीची मोजमापे अशा तीन गोष्टी त्यासाठी पाहतात. त्यातही गंमत अशी की, नोकरवर्गाचे आकडे सुरुवातीला संस्थाच भरून देत. पुढे पगारपत्रकावरून आकडे घेण्याची पद्धत आणावी लागली. ज्याची तपासणी करावयाची त्यानेच भरलेल्या आकड्यावर विसंबू नये, हे बँकेतल्या माणसाला नव्याने सांगावयास नको. इंग्लंडमधील तपासणी खाते पाच गोष्टी विचारते : सेवा सुरक्षित आहे काय, तिचा गुण येतो काय, वागणे मायेचे आहे काय, गरजेप्रमाणे ती बदलते काय, आणि कारभार नीट आहे काय.

महावग्गातील पाच कसोट्या

या सगळ्याच्या कितीतरी आधी महावग्गातच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगून ठेवले आहेत. तो औषध तयार करून देण्यास समर्थ असावा. पथ्य-अपथ्य जाणणारा असावा. लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा. मलमूत्र, थुंकी, वांती उचलण्याची किळस नसणारा असावा. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याच्या मनाला उभारी देणारा असावा. मी हेच पाच गुण धरून आजच्या वृद्धाश्रमात काय पाहावे ते सांगतो.

१. औषध. प्रत्येक वृद्धाचा औषधाचा तक्ता वेगळा आहे काय, आणि दिल्यावर वेळ व सही मांडली जाते काय, हे पाहावे. सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताने, ओळीने केलेल्या दिसल्या तर समजावे की महिन्याच्या शेवटी वही भरली आहे. लेजरमध्ये असली नोंद आम्ही लगेच ओळखतो. झोपेच्या गोळ्यांविषयी मुद्दाम विचारावे. दुपारी अकरा-बारा वाजता सगळे वृद्ध गाढ झोपलेले असतील तर ती शांतता चांगली नव्हे. गोळी डॉक्टरांनी कशासाठी व किती दिवसांसाठी लिहिली, हे विचारण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री छातीत दुखू लागले तर गाडी कोणती व रुग्णालय कोणते, याचे उत्तर चटकन मिळाले पाहिजे.

२. पथ्य आणि जेवण. भेट जेवणाच्या वेळी घ्यावी. भाकरी आली यावर समाधान मानू नये. ज्याला दात नाहीत त्याला ती वरणात कुस्करून मिळते काय, ज्याचा हात थरथरतो त्याला कोणी भरवते काय, आणि ताट परत जाताना किती भरलेले असते, हे पाहावे. पुष्कळदा ताट समोर ठेवले जाते व अर्ध्या तासाने तसेच उचलले जाते; वहीत मात्र ‘जेवण दिले’ अशी नोंद होते. पाणी हाताशी असावे. म्हातारपणी तहान कळत नाही. पाणी कमी पडले की लघवीचा दाह, भ्रम, चक्कर आणि त्यातून पडणे, अशी साखळी सुरू होते. खरा पुरावा वजनाचा. दर महिन्याला वजन मांडले गेले पाहिजे. एका महिन्यात शेकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेकडा १० वजन घटले तर तो धोक्याचा इशारा मानतात. म्हणजे ५० किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो उतरले तर कारण विचारलेच पाहिजे.

३. मैत्री. ही मोजता येत नाही असे म्हणतात, पण ऐकू येते. सेविका वृद्धाला नावाने, बाबा-आजी म्हणून हाक मारते की खाटेच्या नंबराने? खोलीत येताना काही बोलते काय? आपल्या भागात भाषेचाही प्रश्न आहे. आपली कित्येक वृद्ध माणसे अहिराणी किंवा मावची बोलत आयुष्य काढतात. पोरे कामधंद्याला गुजरातेत, म्हणून त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवले तर दुखते कुठे हे सांगावयास तरी त्यांना कोणी कळणारे असावे. आत्या अबोल झाली होती असे मला वाटले. ती घरी आल्यावर दिवसभर बोलत असे.

४. किळस नसणे. ही सर्वांत खडतर कसोटी, आणि येथेच खरी पारख होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास माकडहाड, खुबे, टाचा, कोपर व डोक्याची मागची बाजू येथे दाब पडून कातडी मरते. सुरुवातीला लाल डाग दिसतो. बोटाने दाबूनही त्याचा लालपणा जात नाही. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता काळसर, निळसर दिसतो, त्या जागी हाताला गरम किंवा कडक लागते. तेथेच सावध झाले तर जखम टळते. म्हणून भेटीत आपल्या माणसाची पाठ व टाचा पाहाव्यात. संकोच करू नये. स्त्रियांच्या बाबतीत घरातील स्त्रीने पाहावे. लघवीची नळी सोयीसाठी घातली की गरजेसाठी, लंगोट दिवसातून किती वेळा बदलतात, हात-पाय खाटेला बांधतात काय, गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले, हे विचारावे. कोणीच कधी पडत नाही असे उत्तर आले तर एकतर नोंद ठेवत नाहीत, किंवा कोणाला उठूच देत नाहीत.

५. मनाची उभारी. सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणावयास मुभा आहे काय? उशाशी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर ठेवू देतात काय? दुसऱ्या एखाद्या धर्माची प्रार्थना सक्तीची नाही ना? आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. पाण्याचा माठ एकच आहे काय, पंगत एकच आहे काय, कोणाच्या खोलीत कोणी राहण्यास नकार दिला तर संस्था काय करते? आयुष्यभर स्वाभिमानाने जगलेल्या माणसाला ऐंशीव्या वर्षी वेगळा पेला मिळावा यासारखी अवहेलना नाही. हे कार्यालयात विचारून कळत नाही, जेवणघरात उभे राहिल्यावर कळते.

माणसे किती? एक हिशेब

आता माझ्या विद्येचा भाग. संस्थेत अंथरुणाला खिळलेले १० वृद्ध आहेत असे धरू. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसातून १२ वेळा प्रत्येकाची कूस बदलावयाची. एकूण १२० वेळा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे धरली तर ६०० मिनिटे, म्हणजे १० तास. जड माणसाला कूस द्यावयास दोघे लागतात. म्हणजे २० तासांचे श्रम. तीन वेळचे खाणे भरवावयास प्रत्येकी २० मिनिटे धरली तर दहा जणांचे आणखी १० तास. एकूण ३० तास झाले. आठ तासांची एक पाळी धरली तर हे जवळजवळ चार माणसांचे पूर्ण दिवसाचे काम आहे. यात अंघोळ, लंगोट, कपडे, औषध, खोली झाडणे काहीच धरलेले नाही.

आता ज्या संस्थेत दिवसा दोन व रात्री एक सेविका आहे, तेथे हे काम होतच नाही, हे सिद्ध करावयास डॉक्टर लागत नाही. पाटीवरचा हिशेब पुरतो. तेथील सेविका दुष्ट असतात असे नव्हे. तेवीस माणसांमागे एकटी असलेली ती बाई तथागतांच्या पाचही गुणांनी युक्त असती तरी आत्याची जखम टळली नसती. म्हणून ‘माणसे चांगली आहेत काय’ याबरोबर ‘माणसे पुरेशी आहेत काय’ हे विचारावे. आणि आकडा पाळीप्रमाणे घ्यावा. एकूण नोकर बारा असे सांगतात, त्यात स्वयंपाकी, माळी, पहारेकरी सगळे येतात. रात्री दोन वाजता जागे किती, हा खरा आकडा. सेविकांना पगार वेळेवर मिळतो काय, त्या किती वर्षे टिकतात, हेही विचारावे. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर कोणाला कोणते पथ्य हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

पैशाची बाजू

अनामत किती, परत केव्हा व कशी, महिन्याच्या शुल्कात लंगोट, औषधे, डॉक्टर येतात की वेगळे, रुग्णालयात न्यावे लागल्यास खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिला धर्मादाय कार्यालयाकडे तपासलेले हिशेब सादर करावे लागतात. ते पाहावयास मागावेत. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराची सोय झाली आहे. मात्र तीत वृद्धाश्रमातील राहण्याचा किंवा शुश्रूषेचा खर्च बसत नाही.

वृद्धाचे पासबुक, ए.टी.एम. कार्ड व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात देऊ नयेत. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार असोत की रेल्वेचे निवृत्तिवेतन, पैसे त्याच्याच नावावर राहावेत. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो, त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील व आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचना दिलेल्या आहेत. हयातीचा दाखला आता घरबसल्याही देता येतो. तेव्हा आजीला बँकेत न्यावयाचे म्हणून कोऱ्या स्लिपवर आधीच अंगठे घेऊन ठेवणे, हा प्रकार कोणी करीत असेल तर तत्काळ थांबवावा.

राहता राहिली मालमत्ता. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर लिहून दिले आणि पुढे सांभाळ केला नाही, तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा येणार आहे, त्या नातेवाइकावरही सांभाळाची जबाबदारी हा कायदा टाकतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करावयाचा असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. येथे पुन्हा महावग्गाची आठवण होते. मृत भिक्खूचे पात्र व चीवर कोणाला मिळावे, तर ज्याने त्याची शुश्रूषा केली त्याला, असा निर्णय तेथे दिला आहे. आपल्याकडे वारस म्हणून नाव लावणारा एक आणि अंथरूण काढणारी दुसरीच, बहुधा घरची सून, असे असते. तिचा विचार आपण कधी करणार?

घरही तपासावे

वृद्धाश्रमाला लावलेल्या कसोट्या घरालाही लावून पाहाव्यात. घरात आहे म्हणजे शुश्रूषा चांगली आहे, असे समीकरण नाही. कूस बदलणे, पाणी हाताशी असणे, वजन, औषध, दोन शब्द, हे घरीही होत नसेल तर ते घर म्हणजे बिनशुल्क वृद्धाश्रमच. आणि सगळा भार एकाच बाईवर असेल तर तिच्या पाठीचा हिशेब कोण ठेवतो? आत्याच्या सात महिन्यांत माझ्या पत्नीचे वजन उतरले, हे मला फार उशिरा दिसले.

मंडळाने काय करावे

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात, विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे आणि त्या यात्रेत वृद्धांची भेट घेऊन त्यांना साहाय्य दिल्याचे कोरले आहे. याच आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. म्हणजे वृद्धांची भेट ही आपल्या मातीत कोरलेली गोष्ट आहे.

आपल्या मंडळासाठी इमारतीचा विचार पुढे होईल. ती बांधणे सोपे व चालविणे अवघड असते हे वरील हिशेबावरून दिसेलच. तूर्त एक काम बिनपैशाचे आहे. खांडबारा व आसपासच्या गावांतील आपली किती वृद्ध माणसे कोठल्या संस्थेत आहेत आणि किती घरीच अंथरुणावर आहेत, याची एक वही करावी. दोन स्त्रिया व दोन पुरुष यांची भेट-समिती नेमावी. समितीने महिन्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, आधी न कळवता जावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. हे पान कापून घरात ठेवावे अशी वाचकांनाही विनंती आहे.

१. पाणी हाताच्या अंतरावर आहे काय?
२. पाठ, खुबे, टाचा यांवर डाग किंवा जखम आहे काय?
३. मागील महिन्यापेक्षा वजन किती कमी-अधिक?
४. आज जेवणात काय खाल्ले, हे खुद्द त्यांनी सांगितले काय?
५. लंगोट व अंथरूण कोरडे आहे काय?
६. कोणती औषधे चालू आहेत व झोपेची गोळी का दिली आहे?
७. या पाळीला किती सेविका आणि किती वृद्ध? रात्री किती?
८. या महिन्यात पडणे, ताप, रुग्णालय असे काही घडले काय? नातेवाइकांना कळविले काय?
९. दिवसातून किती वेळ अंथरुणाबाहेर काढतात?
१०. पंगत व पाणी सर्वांचे एक आहे काय?
११. पासबुक कोणाजवळ आहे?
१२. एकांतात विचारल्यावर त्यांनी काय सांगितले?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो संस्थेच्या माणसासमोर विचारू नये, आणि उत्तरासाठी घाई करू नये. खाटेजवळ बसावे, हात हातात घ्यावा व थांबावे. मी आत्याजवळ कार्यालयाच्या व्हरांड्यात दहा मिनिटे बसत असे, घड्याळ पाहत, गाडी चुकू नये म्हणून. त्या दहा मिनिटांत ती काही बोलली नाही याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

तथागतांनी त्या भिक्खूला प्रश्न विचारला तो त्याची सेवा करणारे कोणी आहे काय, हा. आपण निदान तेवढा प्रश्न घेऊन आपल्या वृद्धांच्या खाटेपर्यंत जाऊ या.

नमो बुद्धाय! जय भीम!